झीज वयाची की वर्दीची?

सिकंदराबादच्या तिरुमलगिरी भागात लष्कराच्या दोन मोठ्या विभागांची अभिलेख कार्यालयं आहेत: वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमईचं एक, आणि दारूगोळ्यापासून बुटांपर्यंत सगळा साठा सांभाळणाऱ्या ऑर्डनन्सचं दुसरं. फौजी त्यांना नुसतं ‘रेकॉर्ड’ म्हणतात. साताऱ्याचा व्हेइकल मेकॅनिक असो की नांदेडचा स्टोअरकीपर, भरतीपासून निवृत्तीपर्यंतचा त्याचा सगळा कागदी जन्म तिथल्या कपाटांत असतो. निवृत्तीच्या वेळी मान किंवा कंबर कायमची दुखावलेली असेल आणि त्याने अपंगत्व निवृत्तिवेतन मागितलं, तर नकाराचं पत्रही बहुधा तिथूनच येतं. पत्रातलं वाक्य ठरलेलं असतं: आजार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. कारणाच्या रकान्यात मणक्याच्या बाबतीत एकच शब्द पुन्हापुन्हा येतो, ‘डीजनरेटिव्ह’, म्हणजे झिजेचा आजार. या एका शब्दाने दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली जातात, आणि त्यातला दुसरा प्रश्न प्रत्यक्षात कोणी विचारलेलाच नसतो, असं माझं म्हणणं आहे. मानेच्या आणि पाठीच्या दाव्यांतले बरेचसे वाद या जागी अडकलेले आहेत.

नियम आधी पाहू. सैन्याच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीपासून सूत्र तेच आहे. अपंगत्व किमान २० टक्के असावं, आणि ते सेवेमुळे निर्माण झालेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं असावं. ‘किंवा’ तिथे उगाच आलेला नाही. आजाराचं मूळ घराण्यात असेल, वयात असेल, तरी नोकरीने तो लवकर आणला वा जास्त केला, तर दावा टिकतो. टक्केवारी सैन्याचे डॉक्टर ठरवतात. निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्ड बसतं आणि मुदतीआधी घरी पाठवायचं असेल तर इन्व्हॅलिडिंग बोर्ड. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते, त्याखाली त्या प्रमाणात. शेवटचं वेतन चाळीस हजार असलेल्या हवालदाराला २० टक्क्यांचे महिना २,४०० रुपये होतात. मात्र ५० च्या खालची टक्केवारी ५० धरावी असा सरकारचा स्वतःचाच नियम आहे. सुरुवातीला तो फक्त बोर्ड आउट झालेल्यांना, म्हणजे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना, लागू होता. पूर्ण सेवा करून निवृत्त होणाऱ्यांनाही त्याचा लाभ मिळावा, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात मान्य केलं. त्या हिशोबाने रक्कम सहा हजार होते. सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिसला, म्हणजे मानेच्या मणक्यांच्या झिजेला, किंवा सरकलेल्या चकतीला बोर्ड पुष्कळदा वीसच्या आसपासच टक्के देतं. म्हणजे नकार मिळाला तर शून्य आणि होकार मिळाला तर जन्मभर सहा हजार, त्यावर महागाई भत्ता. पस्तिशी-चाळिशीत घरी आलेल्या आणि सुरक्षारक्षकाची उभी नोकरीही न झेपणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नाही.

आता सरकारच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मांडतो, कारण तो खरोखरच भक्कम आहे. माणसाच्या मानेत सात मणके असतात. वरचे दोन सोडले तर प्रत्येक दोघांमध्ये एक चकती असते, बाहेरून चिवट कडं आणि आत मऊ गर. या चकत्यांना रक्तपुरवठा जवळपास नसतो, त्यामुळे त्या तरुणपणापासूनच कोरड्या पडू लागतात. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या पाठीच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के निरोगी माणसांत चकतीची झीज दिसली, चाळिशीत ६८ टक्के, आणि ऐंशीत ९६ टक्के. त्याहून अडचणीचा अभ्यास फिनलंडमधल्या जुळ्या भावांचा आहे. एक भाऊ अंगमेहनतीचं काम करणारा आणि दुसरा खुर्चीवरचा, अशा जोड्यांच्या चकत्या संशोधकांनी वर्षानुवर्षं पडताळल्या. झिजेतला फार मोठा वाटा आनुवंशिकतेचा निघाला, कामाच्या ओझ्याचा त्या मानाने किरकोळ. ओझ्याने मणके झिजतात ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. तिला हा अभ्यास चांगलाच धक्का देतो. तेव्हा मेडिकल बोर्डातला डॉक्टर एमआरआय उजेडात धरून ‘यात वयाचा भाग आहे’ म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

पण हाच पुरावा उलट्या बाजूनेही वाचता येतो, आणि तसा तो वाचला जात नाही. निरोगी चाळिशीतल्या दर तीन माणसांपैकी दोघांच्या चकत्या झिजलेल्या असतील आणि त्यांना काही त्रास नसेल, तर झीज आणि अपंगत्व या दोन गोष्टी वेगळ्या ठरतात. चित्रातली झीज बहुतेकांना असते. मान वळत नाही, हात बधिर होतो, रात्री झोप येत नाही, ही अवस्था थोड्यांची. बोर्डाला विचारायचं आहे ते या अवस्थेबद्दल, आणि उत्तर मिळतं ते चित्राबद्दल. जुळ्या भावांचा अभ्यास चकती कशी दिसते हे मोजतो. झिजलेल्या चकतीचा माणूस कशामुळे आडवा झाला हे मोजण्यासाठी तो बेतलेला नव्हता. ‘बळावणं’ हा कायद्यातला शब्द याच दरीसाठी आहे. फौजेत त्या दरीत काय काय पडतं ते पाहा. १५५ मिलिमीटर तोफेचा एक गोळा चाळीस किलोंहून जड असतो आणि तो हातांनी उचलावा लागतो; गोळकोंड्याजवळच्या आर्टिलरी सेंटरमधून बाहेर पडणारे तोपची पुढची पंधरा-वीस वर्षं हेच करतात. खडबडीत रस्त्यांवर जड वाहन चालवणाऱ्याच्या पाठीत सतत जो हादरा बसतो, त्याचा कंबरदुखीशी असलेला संबंध व्यवसायवैद्यकात बऱ्यापैकी प्रस्थापित आहे. जुन्या ‘पटका’ हेल्मेटचं वजन अडीच किलोंच्या घरात होतं, आणि काश्मीरमधल्या जवानांनी ते डोक्यावर घेऊन तासन्‌तास पहारे दिले. दुंडिगलच्या वायुसेना अकादमीत किंवा हकिमपेठला उडायला शिकणाऱ्या वैमानिकाचं गणित तर सरळ आहे. डोकं पाच किलो आणि हेल्मेट दीड किलो धरलं, तर सहा ‘जी’च्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सहापट जोराच्या, वळणात मानेवर जवळजवळ एकोणचाळीस किलो येतात, तेही मान वळवून मागे पाहत असताना. या माणसांच्या चकत्या आनुवंशिकतेने झिजल्या असतील. त्या झिजलेल्या चकत्यांवर हे ओझं कोणी ठेवलं, हा प्रश्न तरीही उरतो.

त्याचं उत्तर एमआरआयमध्ये सापडणार नाही. ते सापडलं तर माणसाच्या कामाच्या नोंदीत सापडेल, आणि इथे खरी गोची आहे. सेवापुस्तकात बदल्या असतात, कोर्स असतात, शिक्षा असते. त्याने रोज काय उचललं हे नसतं. हात मोडला तर दुखापतीचा अहवाल भरला जातो, कारण मोडलेला हात दिसतो. मान हळूहळू आखडते, तिचा अपघात होत नाही, म्हणून अहवालही होत नाही. त्यात फौजेची स्वतःची रीत भर घालते. दुखणं सांगितलं की माणूस लो मेडिकल कॅटेगरीत जातो. कॅटेगरी घसरली की बढती, कोर्स, परदेशातल्या शांतिसेनेची संधी, सगळ्यावर पाणी. साहजिकच शिपाई बाम चोळून, मानेला पट्टा बांधून वर्षं काढतो आणि बढती हातात पडल्यावर किंवा अगदीच असह्य झाल्यावर इस्पितळात जातो. मग बोर्ड लिहितं, आजाराची सुरुवात अमुक साली, शांत ठाण्यावर, म्हणजे सीमेपासून दूरच्या छावणीत, असताना. दुखणं दडवायला लावणारी व्यवस्था तेच दडवणं पुरावा म्हणून वापरते. नोंद ठेवणारी संस्था आणि दावा नाकारणारी संस्था एकच असेल, तर कोऱ्या पानाचा फायदा तिला मिळता कामा नये, एवढं तरी कोणत्याही न्यायबुद्धीच्या माणसाला पटावं.

सर्वोच्च न्यायालयाला ते पटलेलं आहे. जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात न्यायालयाने सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असं धरायचं; पुढे तो आजारामुळे बाहेर पडला तर आजार सेवेत आला असं गृहीत धरायचं; आणि तसं नसल्याचं सिद्ध करण्याचा भार दावेदारावर नाही. त्या शिपायाचा आजार फिट्सचा होता, मणक्याचा नव्हता, पण तत्त्व सगळ्या आजारांना लागू झालं. निकालाचा गाभा मला वाटतं एका तपशिलात आहे: बोर्डाने आपल्या मताला कारणच दिलं नव्हतं. मे २०२५ मध्ये राजुमोन खटल्यातही न्यायालय तिथेच आलं. कारण न देता लिहिलेल्या वैद्यकीय मतावर पेन्शन नाकारता येत नाही. ‘डीजनरेटिव्ह’ हे कारण आहे की नुसतं निदान, याचा विचार वाचकानेच करावा. दुसरी बाजूही लपवत नाही. २००९ च्या दामोदरन निकालात न्यायालयाने मेडिकल बोर्डाच्या मताला मोठं वजन दिलं होतं. २०१९ च्या नरसिंग यादव निकालात तर स्पष्ट म्हटलं, की काही आजार भरतीच्या तपासणीत दिसूच शकत नाहीत. तेव्हा नोंद नव्हती म्हणून आजार सेवेमुळेच आला असं आपोआप ठरत नाही. चकतीला हे नेमकं लागू पडतं, कारण भरतीच्या मैदानावर कोणी शिपायाचा एमआरआय काढत नाही. पण या दोन निकालांमुळे फार तर पहिला प्रश्न, म्हणजे आजार उद्भवण्याचा, मोकळा होतो. बळावण्याच्या प्रश्नावर बोर्डाला तरीही लिहावंच लागेल: या माणसाने अमुक वर्षं अमुक काम केलं, आणि त्याने आजार वाढला नाही असं आम्हाला या या कारणाने वाटतं. असं लिहिलेलं मत न्यायालयाने उचलून धरलं तर माझी तक्रार नाही.

सगळ्यात जोरात मांडला जाणारा आक्षेप गैरफायद्याचा आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात म्हटलं आहे, की २०१५-१६ ते २०१९-२० या काळात दर वर्षी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्के जण अपंगत्वाचा घटक घेऊन निवृत्त झाले. अधिकाऱ्यांखालच्या हुद्द्यांत हे प्रमाण १५ ते १८ टक्के होतं. तोफगोळे उचलणारे कमी आणि त्यांना हुकूम देणारे जास्त अपंग, हे आकडे पाहून कोणाच्याही भुवया उंचावतील, माझ्याही उंचावल्या. अधिकारी जास्त वयापर्यंत नोकरी करतात हे त्याचं एक उत्तर आहे, पण ते पुरेसं नाही. अधिकाऱ्याला नियम माहीत असतात, कोणता कागद कधी मागायचा हे कळतं, बोर्डासमोर तो बरोबरीच्या नात्याने बसतो. शिपाई सावधानमध्ये उभा असतो. म्हणजे या आकड्यांवरून निष्कर्ष काढायचा तर तो छाननी कारणांसह आणि सगळ्यांना सारखी करावी असा निघतो. दावे सरसकट नाकारून अधिकाऱ्याचं फार बिघडत नाही, तो वकील करतो. बिघडतं ते लातूरच्या नाईकाचं.

शांत ठाण्याचा आक्षेप आता फारसा टिकत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने माजी सुभेदार गवस यांच्या मधुमेहाच्या दाव्यात सांगितलं, की आजार शांत ठाण्यावर सुरू झाला एवढं लिहिणं म्हणजे तो सेवेमुळे नाही हे सिद्ध करणं नव्हे. मणक्याच्या बाबतीत तर ही भौगोलिक विभागणी आणखीच गैरलागू आहे. सिकंदराबादच्या कार्यशाळेत इंजिन उतरवणाऱ्याच्या कमरेला ते ठाणं शांत असल्याचं कळत नाही. वयाचा आक्षेपही पन्नाशीपुढच्या ब्रिगेडियरला शोभतो, सदतिसाव्या वर्षी घरी येणाऱ्या शिपायाला नाही. राहिला एक आक्षेप, ज्यापुढे मला थोडं थबकावं लागतं: हमालाचीही पाठ मोडते, त्याला कोण पेन्शन देतं? महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, तरी पाठ गेलेल्या माथाडीला त्या पाठीबद्दल जन्मभराचं वेतन नाही. हा अन्याय आहे आणि तो वेगळा लढायला हवा. मात्र त्यामुळे शिपायाला दिलेलं वचन रद्द होत नाही. माथाडी एखाद्या दिवसाचं काम नाकारू शकतो, निदान कागदावर. शिपायाने ओझं नाकारलं तर तो गुन्हा ठरतो.

अमेरिकेत याच वादाला जुना इतिहास आहे आणि तिथलीही रांग लांबच असते, त्यामुळे तिथे सगळं आलबेल आहे असा समज नको. दोन गोष्टी मात्र उचलण्यासारख्या आहेत. मणक्याची टक्केवारी तिथे मुख्यतः हालचाल मोजून ठरते: मान पुढे किती अंश वाकते हे कोनमापकाने पाहतात, आणि ती पंधरा अंश किंवा कमी वाकत असेल तर ३० टक्के. दुखणं उसळतं तेव्हा हालचाल आणखी किती घटते याचाही अंदाज डॉक्टरला द्यावा लागतो, कारण तपासणीच्या दिवशी माणूस बरा असू शकतो. दुसरं म्हणजे दोन्ही बाजूंचा पुरावा सारखाच पडला तर निर्णय माजी सैनिकाच्या बाजूने द्यावा हे तिथल्या कायद्यातच लिहिलेलं आहे. आपल्याकडच्या नियमांतही शंकेचा फायदा दावेदाराला देण्याची भाषा जुनी आहे; बोर्डाच्या कागदावर ती क्वचित उतरते.

नकारानंतरची वाट लांब आहे. सहा महिन्यांत पहिलं अपील, ते फेटाळलं तर सहा महिन्यांत दुसरं, दोन्ही लष्कराच्या आणि मंत्रालयाच्याच समित्यांपुढे. त्यानंतर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेलं आणि २००९ पासून चालू असलेलं सशस्त्र सेना न्यायाधिकरण. इतकी मोठी छावणी असूनही हैदराबादला त्याचं कायम पीठ नाही. तेलंगण चेन्नई पीठाखाली येतं, आणि हैदराबादला त्याच्या फिरत्या बैठका झाल्या आहेत. निवृत्त माणसाला राहत्या जागेच्या पीठाकडे जाता येतं, म्हणून नांदेडला परतलेला जवान मुंबई पीठाकडे आणि हैदराबादच्या काचीगुड्यात स्थायिक झालेला चेन्नईकडे. न्यायाधिकरणाने दिलं तरी सरकार वरच्या न्यायालयात जातं. २०१५ च्या एका निकालाने उच्च न्यायालयाचा दरवाजा जवळजवळ बंद झाला होता, मार्च २०२३ च्या निकालाने तो पुन्हा उघडला. तो सैनिकाला उपयोगी पडावा म्हणून उघडला, पण त्यातून सरकारच जास्त संख्येने आत आलं. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अपंगत्व निवृत्तिवेतनाविरुद्धच्या सरकारच्या सुमारे तीनशे याचिका एकदम फेटाळल्या. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती, आणि ठरून गेलेल्या मुद्द्यांवर अपंग सैनिकांविरुद्ध अपिलं करत राहण्याच्या सवयीवर तिने कठोर शब्दांत बोट ठेवलं. दहा वर्षांनी तीनशे याचिका, हे त्या अहवालाचं फलित. उशिराची किंमतही सैनिकच मोजतो: तरसेम सिंग निकालानुसार (२००८) कितीही जुना हक्क सिद्ध झाला तरी थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते.

सप्टेंबर २०२३ पासून बाहेर पडणाऱ्यांना नवे नियम आणि डॉक्टरांसाठी नवी मार्गदर्शिका लागू आहे. अग्निवीरांना तर पेन्शनच नाही. सेवेमुळे आलेल्या किंवा बळावलेल्या अपंगत्वासाठी १००, ७५ आणि ५० टक्क्यांना अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाखांची एकरकमी मदत आहे. म्हणजे ‘बळावलेलं’ या शब्दाचा अर्थ त्यांच्या बाबतीत एकदाच लागणार आणि तोही चार वर्षांच्या नोंदींवर. म्हणून ज्यांच्या घरातलं कोणी आज नोकरीत आहे त्यांनी त्याला एवढं जरूर सांगावं: मान किंवा कंबर धरली की कॅटेगरीची भीती न बाळगता आजारपणाच्या नोंदीत लिहून घे, ओझं उचलताना कळ आली तर त्याच आठवड्यात दुखापतीचा अहवाल भरून घे आणि त्याची प्रत घरी पाठव. जे निवृत्त झाले आहेत त्यांनी बोर्डाच्या कार्यवाहीची, म्हणजे एएफएमएसएफ-१६ या फॉर्मची, प्रत माहितीच्या अधिकारात मागवावी आणि त्यात ‘बळावलं नाही’ या रकान्यापुढे कारण लिहिलं आहे का ते आधी पाहावं. तिथे नुसतं निदान लिहिलेलं असेल तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहून देणारी माणसं असतात. सहा महिन्यांची मुदत नकाराचं पत्र मिळाल्यापासून मोजली जाते, आणि निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी पहिल्यांदा दावा केला तर पुराव्याचा भार आपल्यावर येतो.